गल्ला दुकानाचा, डबा घराचा

आपले बहुतेक व्यापारी व कारागीर धंद्याच्या हिशेबात पक्के असतात. कोणाकडे किती उधारी आहे, घाऊक व्यापाऱ्याचे किती देणे आहे, कोणत्या मालात किती सुटतात, हे त्यांना तोंडपाठ असते. मात्र घराला महिन्याकाठी किती लागतात असे विचारले की उत्तर येते, "लागतील तसे गल्ल्यातून घेतो." आमच्या मते छोट्या धंद्यांच्या अनेक अडचणींचे मूळ या एका वाक्यात आहे. धंदा मंदीने बसला असे आपण म्हणतो. तपासून पाहिले तर बरेचदा घराने दुकान खाल्लेले असते.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका दुकानाची रोजची विक्री ६,००० रुपये आहे आणि तीत १५ टक्के सुटतात. म्हणजे ९०० रुपये. भाडे, वीज, हमाली व पोऱ्याची मजुरी यात ३०० गेले, उरले ६००. घरासाठी रोज ५०० उचलले तरी १०० शिल्लक पडतात असे दुकानदाराला वाटते. पण दुकान महिन्यात २६ दिवस चालते आणि चूल ३० दिवस पेटते. कमाई झाली १५,६०० आणि उचल १५,०००. त्यात मुलांची फी, दवाखाना, लग्नातला आहेर असे सरासरी ३,००० धरले की घराचा खर्च १८,००० होतो. दरमहा २,४०० रुपयांची तूट. वर्षाला २८,८०० रुपये!

हे पैसे येतात कोठून? मालाच्या भांडवलातून. पहिल्या वर्षी फळ्या थोड्या रिकाम्या दिसतात, दुसऱ्या वर्षी घाऊक व्यापारी उधारी बंद करतो, तिसऱ्या वर्षी घरातले दागिने गहाण पडतात किंवा सावकाराचा उंबरा चढावा लागतो. गल्ल्यात रोज रोकड खेळत असल्याने हे वेळीच ध्यानात येत नाही. आता तर ग्राहकाचे पैसे मोबाईलवरून थेट खात्यात जमा होतात आणि त्याच खात्यातून फ्रिजचा हप्ताही कापला जातो. त्यामुळे दुकानाचे किती आणि घराचे किती, हे ओळखणे आणखी कठीण झाले आहे.

यावर उपाय म्हणजे घराचे अंदाजपत्रक. सुरुवात आकडे ठरवण्यापासून करू नये, लिहिण्यापासून करावी. एक महिनाभर घरात गेलेला प्रत्येक रुपया शाळेच्या साध्या वहीत लिहावा. दूध, पाव, रिक्षा, मोबाईलचा रिचार्ज, सारे काही. ही वही घरच्या बाईच्या हाती असावी, कारण मीठ-मिरचीचा भाव तिलाच ठाऊक असतो. महिनाअखेरीस किराणा, भाडे व वीज, शिक्षण, औषधपाणी, देणे-घेणे अशा पाच-सहा रकान्यांत बेरजा कराव्यात. बहुतेकांना पहिली बेरीज पाहूनच धक्का बसेल.

दुसरी पायरी म्हणजे दुकानदाराने स्वतःला पगार ठरवून घेणे. "आमची कमाई ठरलेली नाही, मग पगार कसा ठरवणार?" असे बांधव विचारतात. याचे उत्तर असे की गेल्या वर्षातला सर्वात मंदीचा महिना धरावा आणि त्यात जे सुटले तोच पगार समजावा. तेजीच्या महिन्यात जास्त आले तर ते आधी मालात घालावे. यंत्रमागावर आठवड्याची मजुरी घेणाऱ्याने आठवड्याचाच हिशेब ठेवावा. काम बंद राहिले की मजुरीही बंद, हे धरूनच तो मांडावा. पगार घरातल्या वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात ठेवावा. त्यानंतर गल्ल्याला घरासाठी हात लावू नये.

तिसरी गोष्ट मोठ्या खर्चांची. आपले घर दोन दिनदर्शिकांवर चालते. शाळा जूनमध्ये उघडते, ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. बकरी ईद २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला आली. कुर्बानी आणि वह्या-पुस्तके असे दोन्ही खर्च एकाच महिन्यात पडले. २०३० साली तर जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा रमजान सुरू होईल. म्हणून शाळेच्या खर्चाचे बारा भाग करून दरमहा एक भाग बाजूला काढावा, ईदच्या खर्चाचे मात्र अकराच भाग करावेत. ईद कितीही अलीकडे आली तरी पैसे तयार असतील.

मोजदाद केल्याने बरकत जाते, असा एक समज आपल्यात आहे. तो खरा नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. जकातीचा प्रश्नही येथेच येतो. दुकानातल्या विक्रीच्या मालावर अडीच टक्के जकात निघते, घरातल्या वापरातल्या भांड्याकुंड्यांवर नाही. दुकान आणि घर एकाच गल्ल्यात मिसळले असेल तर जकातीचा आकडा अंदाजानेच काढावा लागतो.

वहीमुळे कमाई वाढत नाही, हे आम्ही मान्य करतो. वरच्या उदाहरणातली तूट लिहिल्याने भरून निघणार नाही. खर्च कमी करावा लागेल किंवा घरात दुसरी कमाई आणावी लागेल. पण कात्री कोठे लावायची हे वही दाखवते. वही नसली की पहिली कात्री मुलांच्या शिक्षणाला लागते. मुलाला शाळेतून काढून गल्ल्यावर बसवले जाते, आहेर आणि मांडवाचा थाट मात्र तसाच राहतो. आमचे म्हणणे आहे की कपातीची सुरुवात थाटापासून व्हावी आणि शाळेची फी सर्वात शेवटपर्यंत राखावी.

येत्या पहिल्या तारखेला एक वही आणि एक डबा, एवढीच तयारी पुरे आहे. तीन महिने नेटाने लिहा आणि मग दुकानातल्या फळ्यांकडे एकदा पाहा.