वाशीचा पाऊस आणि मधला आकडा

मोबाईलवर 'वाशी पाऊस' टाकून बघा. बहुतेक वेळा नवी मुंबईतल्या वाशीचा पाऊस समोर येतो. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटावरची. तिकडं जुलैत धो धो, आणि इकडं आम्ही सोयाबीनकडं बघत आभाळाला हाका मारतोय. गावातल्या ग्रुपवर असा स्क्रीनशॉट कुणीतरी टाकतोच, मग दोन तास हसणं चालतं. आकडा खरा असतो, फक्त गाव चुकलेलं असतं.

ही चूक निरुपद्रवी, कारण ती लगेच दिसते. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

शाळेत आपण विस्तार शिकलो होतो. सगळ्यात मोठा आकडा उणे सगळ्यात लहान आकडा. भूगोलाच्या पुस्तकात त्यालाच तापमान कक्षा म्हणायचे. एक वजाबाकी, दोन मार्क. पण आकडा चुकला आणि नंतर दुरुस्त केला तर या विस्ताराचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी शिकवलंही नाही.

मे २०२४ मधलं नागपूर आठवतंय? ३० मे ला तिथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. नागपूर थेट डेथ व्हॅलीच्या पंगतीत! नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्या वेळच्या बातम्यांत चार केंद्रांचे आकडे होते : ५६, ५४, ४४ आणि ४४. विस्तार १२. आता समजा, फक्त पहिला आकडा दुरुस्त केला आणि ५६ च्या जागी ४५ धरला. दुरुस्ती ११ अंशांची झाली. विस्तार ११ नं कमी झाला का? नाही. आता ५४ वर येऊन बसला, विस्तार १०. म्हणजे फक्त २ नं कमी. ५४ पण दुरुस्त करून ४५ केला तर विस्तार एकदम १ वर येतो.

जगाच्या पातळीवरही हेच झालंय. लिबियातल्या अल अझिझिया इथं १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंशांची नोंद झाली होती. तब्बल ९० वर्षं तो जगाचा विक्रम होता. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं तो रद्द केला, कारण नोंद सुमारे ७ अंशांनी चुकल्याचं तपासात दिसलं. मग विक्रम गेला १९१३ सालच्या डेथ व्हॅलीच्या ५६.७ कडे. चूक सातची, पण जगाचा विस्तार घटला फक्त १.३ नं. वरचा पायउतार झाला की त्याच्या खालचा खुर्चीवर बसतो. राजकारणासारखंच.

इथवर गंमत होती. आता आपल्या पोटापाण्याचं.

आपल्याकडं अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळावर. २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की मंडळ अतिवृष्टीचं. समजा एका तालुक्यात तीन मंडळं आहेत. पाऊस नोंदला गेला २०, ५८ आणि ११०. विस्तार ९०. आता कळलं की मधल्या मंडळाची नोंद चुकली, खरा पाऊस ७८ होता. दुरुस्त करा. विस्तार किती? तोच, ९०. 'तालुक्यात किमान २० ते कमाल ११० मिमी पाऊस' हे बातमीतलं वाक्य पण जसंच्या तसं राहतं. पण त्या मधल्या मंडळातला शेतकरी ५८ वर यादीच्या बाहेर होता आणि ७८ वर आत आला. दुरुस्ती झालीच नसती तर? बातमीत, बैठकीत, कुठंच काही खटकलं नसतं. टोकाचा आकडा वेडावाकडा असला की सगळ्यांचं लक्ष जातं. मधला आकडा शहाण्या पोरासारखा गप बसतो.

आणि शून्याचं काय? पाऊसमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, पाखरानं काड्या आणून टाकल्या, की पाणी खाली उतरतच नाही. यंत्र म्हणतं ०. किंवा यंत्र बंद असतं, माहिती येतच नाही, आणि तक्त्यात रिकाम्या जागी ० भरलं जातं. 'पाऊस नाही' आणि 'नोंद नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. शेतात गुडघाभर पाणी आणि कागदावर शून्य, ही काय थट्टा आहे?

अजून एक. लोकांना वाटतं, दुरुस्ती केली की आकडे जवळ येतात, विस्तार कमीच होतो. तसं काही नाही. ३८, ४५, ५२ अशी नोंद आहे. विस्तार १४, सगळं कसं शिस्तीत. पण ४५ हा खरं तर ४.५ होता, दशांश चिन्ह पडलं. दुरुस्त केल्यावर विस्तार ४७.५. आकडे नुसते चांगले दिसतात म्हणून ते खरे असतात असं नाही. आणि संशयास्पद आकडा खोडून टाकणं ही दुरुस्ती नव्हे. खोडल्यानं विस्तार कधीच वाढत नाही, म्हणून तो सोपा मार्ग वाटतो. जाता जाता, २०२५ च्या खरिपापासून पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आली आहे. तिथं सरासरी लागते, आणि सरासरीला प्रत्येक चूक लागते, मधली पण. तो विषय मोठा आहे, परत कधीतरी.

माझं म्हणणं एवढंच की किमान-कमाल सांगून तालुक्याचा पाऊस सांगून झाला असं धरू नका. प्रत्येक मंडळाचा आकडा रोज चावडीवर लागावा. दुरुस्ती झाली तर जुना आकडाही तिथंच राहू द्यावा, शेजारी नवा, तारीख आणि कारण. चूक झाली म्हणून कुणाला फासावर नाही द्यायचं. यंत्र आहे, बिघडणारच. पण शेजारच्या दोन मंडळांत ऐंशी-नव्वद आणि मधल्यात दहा असेल तर निदान कुणीतरी जाऊन नरसाळं तर बघावं. तसा खरंच पाऊस पडूही शकतो, बालाघाटाच्या माथ्यावर आणि मांजरेच्या काठाला तो कधी सारखा नसतो. पण बघायला काय जातंय?

सप्टेंबर २०२५ चा पूर आपण बघितलाय. तेव्हा आकडे विचारायची गरज नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. अडचण येते ती ५८ आणि ७८ च्या मधल्या दिवसांत.

तोवर ज्याला जमेल त्यानं अंगणात उघड्यावर सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा ठेवा, झाडापासून आणि वळचणीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजून वहीत लिहा, कारण सरकारी पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असतो. पाऊस पडला नाही तर ० लिहा. गावाला गेला असाल तर ० लिहू नका, 'नव्हतो' असं लिहा.