सलोख्याची दौड

दर वर्षी जानेवारीतील एका रविवारी मुंबईचे रस्ते पहाटेपासून धावणाऱ्यांच्या स्वाधीन होतात. २००४ साली सुरू झालेल्या तेथील मॅरेथॉनमध्ये आता पन्नास हजारांहून अधिक स्त्रीपुरुष उतरतात. त्यांतील फारच थोड्यांच्या मनात जिंकण्याचा विचार असतो. अनेकजण कोणत्या ना कोणत्या कार्यासाठी धावत असतात. धावणाऱ्याने आप्तांकडून आणि सहकाऱ्यांकडून देणग्या गोळा करावयाच्या आणि त्या एखाद्या संस्थेच्या पदरात टाकावयाच्या, हा रिवाज आता जगातील बहुतेक मोठ्या शर्यतींत रुळला आहे. त्यातूनच आणखी एक कल्पना देशोदेशी पुढे आली. निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी एक चमू करावा, एकाच रंगाचे सदरे घालावेत आणि सर्वांनी मिळून धार्मिक सलोख्यासाठी धावावे, अशी ती कल्पना आहे. हेतू चांगला आहे यात वाद नाही. वाद आहे तो अशा दौडीतून काय साधते याविषयी.

या उपक्रमाची टिंगल करणे अगदी सोपे आहे. दंगल करणारा पहाटे पाचला उठून धावावयास येत नाही, आणि जो धावावयास येतो त्याला दंगलीविरुद्ध उपदेश करण्याची गरज नसते. शिवाय सरकारी खाक्याने भरवलेल्या 'एकता दौडी' लोकांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. शाळेतील मुलांनी सकाळी सातला मैदानात रांगा लावावयाच्या, प्रमुख पाहुण्यांनी साडेआठला येऊन झेंडा दाखवावयाचा आणि मुलांनी पहिल्या चौकापर्यंत धावून, केळे आणि बिस्किटे घेऊन घर गाठावयाचे, असा त्यांचा थाट असतो. २० ऑगस्टला कचेऱ्यांतून सद्भावनेची प्रतिज्ञा म्हटली जाते तेव्हा म्हणणाऱ्या कारकुनाचे निम्मे लक्ष टेबलावरच्या फायलींकडे असते. त्यात त्याचा दोष नाही. वर्षातून एकदा उच्चारलेल्या शब्दांनी शेजारच्या टेबलावरील माणसाविषयीचे मत बदलत नसते. दौडीतूनही केवळ सदऱ्यांवरील घोषणाच उरणार असेल तर टिंगल करणाऱ्यांना दोष देता येणार नाही.

परंतु माणसामाणसांची ओळख दंगल रोखू शकते की नाही, हा प्रश्न टिंगलीने निकालात निघत नाही. त्यासाठी भिवंडीकडे पाहावे. यंत्रमागांच्या या शहरात १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भीषण दंगल झाली आणि तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच घडले आणि वणवा ठाणे-मुंबईपर्यंत पोचला. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि त्या भागातील पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. तेथे देशाच्या ऐक्यावर व्याख्याने होत नसत, गल्लीतील तंटे सोडवले जात. १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येतील घटनेनंतर मुंबई पेटली. त्या महिन्यातील आणि पुढच्या जानेवारीतील दंगलींत नऊशे माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. मुंबईच्या अगदी जवळ असलेली आणि दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र त्या काळात शांत राहिली. मुंबईनेही नंतर हा धडा गिरवला. तेथील मोहल्ला समित्यांनी वस्त्यांतील मुले आणि पोलीस यांना एकत्र आणणारे क्रिकेटचे सामने भरवले. पुढे २००६ साली भिवंडीत एका पोलीस ठाण्याच्या जागेवरून भडका उडून दोन पोलिसांचा बळी गेला, हेही विसरून चालणार नाही. अशा ओळखी एकदा बांधल्या म्हणजे आपोआप टिकतात असे नाही.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी सहा भारतीय शहरांची जोडीजोडीने तुलना करून २००२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एका शहरात वारंवार दंगली का होतात आणि तशाच दुसऱ्या शहरात का होत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. शेजारधर्म आणि सणासुदीची देवाणघेवाण चांगलीच, पण मोठ्या शहरात अफवेच्या रात्री ती तोकडी पडते. कामगार संघटना, व्यापारी मंडळे, क्लब अशा ज्या संस्थांत दोन्ही धर्मांचे लोक मिळून काही काम करतात त्या अधिक टिकाव धरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. धावणाऱ्यांचा चमू अशी एक छोटी संस्था होऊ शकतो. मात्र तो एका सकाळपुरता जमलेला घोळका असता कामा नये.

म्हणून शर्यतीच्या दिवसापेक्षा तिच्या आधीचे महिने मोलाचे आहेत. एकवीस किलोमीटर धावावयाचे म्हणजे नवख्या माणसाला तीन-चार महिन्यांचा सराव हवा. त्या काळात कोणी उशिरा येतो आणि बाकीचे त्याची वाट पाहत थांबतात. कोणाचा गुडघा धरतो, तेव्हा दुसरा वेग कमी करून त्याच्याबरोबर चालतो. मध्येच रमजान आला तर पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढणाऱ्या सोबत्यासाठी सरावाची वेळ बदलावी लागते, आणि नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यासाठीही तोच विचार करावा लागतो. दुसऱ्याचा धर्म असा त्याच्या दिनक्रमातून कळतो तेव्हा त्याविषयीच्या पुष्कळशा भाकडकथा न बोलताच गळून पडतात.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटू नये. तुकोबांची पालखी देहूहून पंढरपूरकडे निघाली की तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होतो आणि तेथे अभंग-आरती होते. त्याला कोणी सलोख्याचा कार्यक्रम म्हणत नाही. तो वाटेवरचा ठरलेला विसावा आहे. बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघणाऱ्या तरुणतरुणींचा 'भारत जोडो' जथा काढला, तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना स्वतःला बसणेही शक्य नव्हते. ते वाहनात आडवे पडून बरोबर गेले. त्या अभियानाने भारत किती जोडला याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. पण महिनोन्महिने एका ताटात जेवलेल्या त्या मुलामुलींच्या मनात काही निश्चित जोडले गेले असेल.

देणगीच्या बाबतीतही थोडे तारतम्य हवे. गोळा झालेला पैसा कोणत्याही एका समाजाच्या मालकीचा वाटू नये. नगरपालिकेच्या दवाखान्यातील एखादे यंत्र, सरकारी शाळेचे ग्रंथालय अशा ठिकाणी तो गेला तर शंकेला जागा राहत नाही. येथे एक बारकावा आहे. जकात कोणाला द्यावी हे इस्लामने नेमून दिले आहे, त्यामुळे अशा निधीसाठी जकातीची अपेक्षा धरणे योग्य नव्हे. स्वखुशीचा सदका मात्र देता येतो. आयोजकांनी हे आधीच समजून घेतले तर मुसलमान सोबत्याला संकोचात पडावे लागणार नाही.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो धावणार कोण, हा. मोठ्या शर्यतीचे प्रवेशशुल्क आणि हजारो रुपयांचे बूट ज्याला परवडतात तो बहुधा ज्या गल्लीत दगड पडतात तेथे राहत नाही. दोन सुशिक्षित, सुखवस्तू मित्रांनी आपली मैत्री रस्त्यावर येऊन दाखवणे गैर नाही, परंतु त्या मैत्रीला कधीच धोका नव्हता. दौड मोमिनपुऱ्यातून आणि ब्राह्मणआळीतून जावयास हवी, आणि चमूत त्या दोन्ही ठिकाणची मुले हवीत. यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. गावातील महाविद्यालयाचा राष्ट्रीय सेवा योजनेचा विभाग, दोन शाळांचे क्रीडाशिक्षक आणि एखादे वाचनालय यांनी मनावर घेतले तरी पुरे. मात्र मार्ग आणि वार ठरविताना त्या गावाचा दिनक्रम पाहावा लागेल. मालेगावात यंत्रमागांना सुट्टी असते ती शुक्रवारी. तेथे रविवारी सकाळी ठेवलेल्या दौडीत मागावर उभा असलेला कारागीर येणार नाही, आणि आयोजक मात्र अहवालात त्याच्या उदासीनतेविषयी लिहून मोकळे होतील.