मैदानावर कोण उभे आहे?

आमची भाची अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम शिकते. सुट्टी लागली की ती बडनेऱ्याला आमच्याकडे येते आणि पहाटेच मामीच्या हातचा चहा घेऊन वस्तीमागच्या मैदानावर जाते. तेथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावत असतात. मुले सोळाशे मीटर, मुली आठशे मीटर, मग शंभर मीटर आणि गोळा. त्यांच्याच कडेला, वाळूचा एक खड्डा करून, ती सात-आठ शाळकरी मुलींना लांब उडी शिकवते. पैसा कोणी देत नाही, तीही मागत नाही.

मागच्या महिन्यात महाविद्यालयाने तिला एक निबंध लिहायला सांगितला. विषय होता खेळाचे प्रशिक्षण, आदर्श खेळाडू आणि नवे तंत्रज्ञान. तिने वही आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामाजी, तुम्ही पेपरात लिहिता. एवढं तपासून द्या."

आम्ही ऱ्हस्व-दीर्घ पाहायला बसलो आणि वाचतच राहिलो.

पहिल्या पानावर केनियाच्या ज्युलिअस येगो या खेळाडूची हकिकत होती. केनिया म्हटले की लांब पल्ल्याचे धावपटू आठवतात. परंतु या पोराला भाला फेकायचा होता आणि शिकवणारे जवळपास कोणी नव्हते. त्याने संगणकावर जगातल्या मोठ्या भालाफेकपटूंचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला यान झेलेझ्नी त्यांतला एक. 1996 साली त्याने 98.48 मीटर भाला फेकला होता आणि तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. येगो पाहायचा, मैदानावर जाऊन तसे करायचा, पुन्हा येऊन पाहायचा. 2011 साली आफ्रिकी क्रीडास्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले आणि 2015 साली बीजिंगला 92.72 मीटर भाला फेकून तो जगज्जेता झाला. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले.

ही गोष्ट मुलांना फार आवडते. कारण तिचा अर्थ असा काढता येतो, की गुरू नको, मोबाईल पुरे. पण भाचीने पुढची ओळ लिहिली होती, ती बहुतेक जण सांगत नाहीत. 2011 च्या विजयानंतर येगोला फिनलंडमध्ये प्रशिक्षणाची संधी मिळाली आणि तेथे प्रशिक्षकाच्या नजरेखाली त्याने काम केले. जगज्जेतेपद आले ते त्यानंतर. आपल्या नीरज चोप्राचेही तसेच. लहानपणी तोही झेलेझ्नीचे व्हिडिओ पाहत असे. 2025 च्या मे महिन्यात दोहा येथे त्याने 90.23 मीटर भाला फेकून प्रथमच नव्वदी ओलांडली, तेव्हा त्याचा प्रशिक्षक दस्तुरखुद्द झेलेझ्नी होता. ज्याला पडद्यावर पाहून शिकला, त्यालाच शेवटी मैदानावर बोलवावे लागले.

दुसऱ्या पानावर झाशीची शैली सिंग होती. आई शिवणकाम करून एकटीने मुले वाढवणारी. अंजू बॉबी जॉर्जचे पती आणि प्रशिक्षक रॉबर्ट बॉबी जॉर्ज यांनी या मुलीतले गुण हेरले आणि ती बंगळूरला शिकायला गेली. 2021 साली नैरोबीच्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तिने 6.59 मीटर उडी मारली. सुवर्णपदक 6.60 मीटरला गेले. एका सेंटिमीटरने! भाचीच्या खड्ड्यावर येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीचा हाच आदर्श. बाकीच्या मुलींनी आदर्श म्हणून क्रिकेटपटूंची नावे सांगितली. एकीने आपल्या थोरल्या बहिणीचे नाव सांगितले, कारण ती भरतीत आठशे मीटर धावून पोलीस झाली होती.

तिसऱ्या पानावर तंत्रज्ञान. साधा मोबाईल एका सेकंदात तीस चित्रे टिपतो, मंदगतीत दोनशे चाळीस टिपू शकतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाची झेप पडद्यावर चार सेकंद चालते. उडीच्या क्षणी पाय पाटीवर असतो तो सेकंदाच्या जेमतेम आठव्या-दहाव्या भागापुरता. तो वीस सेंटिमीटर रुंद पाटीवर कोठे पडला, नजर खाली गेली का, शेवटची पावले आखडली का, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मंदगतीत ते शाळकरी पोरीलाही दिसते. भाचीने त्या आठवीतल्या मुलीला असेच दाखवले. पाटी जवळ आली की मुलगी खाली पाहायची आणि वेग मोडायचा. आठ दिवस सांगून जे कळले नव्हते, ते एकदा पाहून कळले.

चौथ्या पानावर एकच ओळ होती आणि तीही खोडलेली. उजेडात धरली तेव्हा वाचता आली. "एका मुलीला माझ्यामुळे मैदान सोडावे लागले."

आम्ही विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग बोलली.

तो व्हिडिओ सगळ्या मुलींना पाहता यावा म्हणून तिने मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकला होता. मुलींजवळ स्वतःचे फोन कोठले? ग्रुपवर होते ते कोणाच्या भावाचे, कोणाच्या वडिलांचे. त्यांतल्या एका पोराने उडीच्या व्हिडिओला कुठलेसे गाणे जोडले आणि तो आपल्या स्टेटसला लावला. दुसऱ्या दिवशी मुलीची आई मैदानावर आली. बाई बाजारात भाजीचे दुकान लावते. येताना डोक्यावरची पाटीही उतरवली नव्हती.

"ताई, माह्या पोरीचा व्हिडिओ कोणाले इचारून काढला? मोबाईलमंदी काय काय होते, मले मालूम नाई का? उद्यापासून ते नाई येणार."

वाचकहो, खरे सांगायचे तर आमच्या तोंडून पहिल्यांदा निघाले ते असे: "अगं, बाई अडाणी आहे. समजावून सांग तिला." वर्षानुवर्षे मुलींच्या शिक्षणावर लिहिणाऱ्या आमच्याच तोंडून हे शब्द निघाले. भाचीने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नाही मामाजी. ती बरोबर होती. मागच्या साली याच वस्तीतल्या एका मुलीचा लग्नातल्या नाचाचा व्हिडिओ पोरांनी फिरवला आणि तिची शाळा सुटली. त्या बाईने ते पाहिलंय. मी तिला विचारलंच नव्हतं."

आम्हाला पुढे काही बोलता आले नाही.

त्या संध्याकाळी भाची आणि तिची मामी त्या घरी गेल्या. माफी मागितली. ग्रुपवरचा व्हिडिओ आईच्या समोर काढून टाकला. स्टेटसवाल्या पोराच्या घरी जाऊन तोही काढायला लावला. त्या पोराचे वडील आधी हसण्यावारी नेत होते, मामीने आवाज चढवल्यावर ऐकले. मग भाची मुलीच्या आईला म्हणाली, "काकू, तुम्ही एकदा मैदानावर या. तुम्हीच फोन धरा."

रविवारी, बाजार भरण्याआधी, बाई आली. भाचीने फोन तिच्या हातात दिला आणि वाळूच्या खड्ड्याच्या बाजूला उभे केले. पहिल्या उडीला नुसते आभाळ आले. दुसऱ्या उडीला भरतीच्या पोरांचे पाय आले. तिसऱ्या उडीला मात्र मुलगी नेमकी सापडली. मंदगतीत तिने आपली लेक पाहिली, हात वर, गुडघे पुढे, जमिनीपासून सुटलेली.

"एवढा वेळ हवेत राह्यते हे?" एवढेच ती म्हणाली.

आणि मग फोन खाली करून, मुलगी खड्ड्यातून परत येत असताना, तिने आणखी एक गोष्ट विचारली. "हे टाच काऊन टेकत नाई? घरी बी दोन दिवसापासून अशीच चालते."

भाचीच्या ते लक्षात आले नव्हते. मोबाईलमध्ये पाटीवरचा पाय दिसत होता, उडीनंतरची लंगडणारी चाल कोणी टिपली नव्हती. मुलीला विचारले तेव्हा कळले, मैदान बंद झाले त्या दिवसांत ती दुपारी डांबरी रस्त्यावर एकटीच सराव करत होती. भावाच्या फोनवर शैली सिंगचा व्हिडिओ पाहून, तिच्याएवढेच लांब धावत येऊन. शैलीचा तो पल्ला वर्षानुवर्षे प्रशिक्षकाने मोजून, तपासून बसवलेला. आमची ही पोर आठवीतली, अजून वाढत्या वयाची, पायात झिजलेली चप्पल. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाच पाहून तीन आठवडे उड्या बंद केल्या.

आता यात शैली सिंगचा काही दोष नाही. मोबाईलचाही नाही. आदर्श खेळाडू आपल्याला ओढ लावतो, आणि ती ओढ नसेल तर पहाटे पाचला अंथरूण सोडवत नाही. पण तो आदर्श झाशीचा असो की केनियाचा, त्याला आपली टाच दिसत नाही. ती दिसायला मैदानावर कोणीतरी उभे असावे लागते. आमच्या वस्तीत ते काम त्या दिवशी एका भाजीवालीने केले.

आम्ही भाचीला म्हटले, चौथे पान खोडू नकोस, आणि पाचव्या पानावर पाळवणकर बाळूंबद्दल लिही. आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नाही. चांभार समाजात जन्मलेले बाळू पुण्याला इंग्रजांच्या क्लबात मैदानावरची कामे करीत, जाळ्या बांधीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. ग्रेग नावाचा नाणावलेला फलंदाज तासन्‌तास त्यांच्या चेंडूंवर सराव करी. त्या सरावातूनच बाळू पक्के गोलंदाज झाले. पण त्यांच्या हातात कोणी बॅट दिली नाही. पुढे ते हिंदूंच्या संघातून खेळले, तेव्हा मैदानावर त्यांचा चेंडू सगळ्यांना चाले आणि चहाच्या वेळी त्यांचा पेला वेगळा असे. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते 1923 साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले.

भाचीने विचारले, "मामाजी, याचा माझ्या निबंधाशी काय संबंध?"

आम्ही म्हटले, संबंध आहे. बाळूंकडे रोज पाहणारे लोक होते. पण ते त्यांच्या चेंडूकडे पाहत होते, त्या चेंडूचा आपल्याला किती उपयोग होतो एवढेच पाहत होते. हा माणूस फलंदाजी करील का, कप्तान होईल का, असे त्याच्या बाजूने पाहणारा कोणी नव्हता. मुलीचा व्हिडिओ फिरवणारा पोरगाही तिच्याकडे पाहतच होता. नुसते पाहणे पुरत नाही, ज्याच्याकडे पाहतो त्याच्या भल्याची जबाबदारी घेऊन पाहावे लागते. जो घेतो तो प्रशिक्षक, मग त्याच्याकडे प्रमाणपत्र असो वा नसो.

निबंध आता पुरा झाला आहे. शेवटच्या पानावर भाचीने आपल्या खड्ड्याचे नियम लिहिले आहेत, ते आमच्या वाचक भगिनींच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो. मुलीचा व्हिडिओ घरच्यांना आणि मुलीला विचारल्याशिवाय काढायचा नाही. शक्यतो आईच्याच फोनवर काढायचा. पाहून झाला, चूक कळली, की तेथेच पुसायचा. ग्रुपवर टाकायचा नाही. पडद्यावर पाहिलेली नवी गोष्ट आधी मैदानावर येऊन सांगायची, मग करायची. आणि दुखत असेल तर लपवायचे नाही.

यात आमची एक भर. वस्तीवस्तीतून भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे मैदानावर असतातच. त्यांतल्या कितीएकांची निवड होते, कितीएकांची होत नाही. पण धावणे, गोळा, शरीर तापवणे आणि निववणे हे त्या सगळ्यांना ठाऊक असते. त्यांनी आठवड्यातून एक तास लहानग्यांना दिला, तर कितीतरी मुले एकट्याने डांबरावर उड्या मारायची थांबतील. आणि आईबापांनी महिन्यातून एकदा तरी मैदानाच्या कडेला येऊन उभे राहावे. खेळातले काही कळत नाही म्हणून लाजू नये. आपले मूल कसे चालते, हे आईबापांइतके कोणाला कळते?

तीन आठवड्यांनी ती मुलगी परत आली. तालुक्याच्या स्पर्धेत तिला क्रमांक मिळाला नाही. मात्र तिन्ही उड्या नियमात बसल्या, पाय एकदाही पाटीच्या पुढे गेला नाही. तिची आई बाजार सोडून आली होती. व्हिडिओ तिनेच काढला. तो मात्र तिने पुसलेला नाही. दुकानावर गिऱ्हाईक नसले की ती तो काढून पाहते, असे भाची सांगत होती.