कथालेखकाची उमेद आणि धानाचा हंगाम

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत अधूनमधून एखादी खरोखर चांगली कथा सापडते. पदवी हाती पडल्यावर मात्र तिचा लेखक बहुधा दुसरी कथा लिहीत नाही. स्फूर्ती आटली, असे निदान करून प्राध्यापकवर्ग मोकळा होतो. हे निदान सोयीचे आहे, खरे नाही.

याच प्रदेशात लेखणी न थांबल्याचे उदाहरण आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम धान निघाल्यावर दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. गावाची मंडई वा शंकरपट ठरला की नाटकही ठरते. शेतकऱ्याच्या हाती पैसा व सवड एकदमच येतात आणि लोक तिकीट काढून रात्रभर बसतात. वडशाला नाट्यमंडळांकडे नोंदणी सुरू होण्याआधी संहिता तयार लागते. तेथील नाटककारास प्रेरणेची वाट पाहण्याची चैन परवडत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरांतील पुष्कळांना या रंगभूमीचे नाव कळले. प्रेक्षक त्यापूर्वीपासूनच येत होते. या नाटकांत भडकपणा व पुनरुक्ती पुष्कळ असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपले लिहिणे कोणी तरी ऐकणार आहे, ही खात्री तेथे लेखकाला आहे.

कथेलाही मराठीत असा एक हंगाम लाभला. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्या प्रथेने पुढे संपादकाचे पत्र आणि मजकुराची अखेरची तारीख यांच्या जोरावर कितीतरी कथा लिहवून घेतल्या. लाखांदूरच्या किंवा पवनीच्या नवोदिताला असे पत्र येत नाही. केवळ पैशाने हा प्रश्न सुटेल, असेही नाही. ‘धग’ (१९६०) लिहिणाऱ्या उद्धव शेळके यांनी पुढे लेखणीवर पोट भरण्यासाठी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. वाचकांच्या लक्षात राहिली ती ‘धग’च. बाजाराची मागणी लेखकाला लिहिते ठेवते, पण ती कसदार लिहवतेच असे नव्हे.

म्हणून मागणी जवळच्या, ओळखीच्या वाचकांकडून आली पाहिजे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यांतील वाचनालयांनाही शासकीय अनुदानाचा मार्ग खुला झाला. अशा वाचनालयाने वर्षातून चार संध्याकाळी नव्या कथेचे वाचन ठेवावे, तारीख तीन महिने आधी जाहीर करावी, आणि लेखकास एसटीचे भाडे व थोडे मानधन द्यावे. कथा झाडीबोलीत असल्यास उत्तमच; साकोलीच्या झाडीबोली साहित्य मंडळाने त्या बोलीला लेखनाची वाट करून दिली आहे. अनुदान ग्रंथपालाच्या वेतनालाच पुरत नाही, ही चिटणीसांची तक्रार रास्त आहे. तथापि अशा एका संध्याकाळचा खर्च दोनचार पुस्तकांच्या किमतीहून अधिक होण्याचे कारण नाही, आणि खुर्च्या तर वाचनालयात असतातच.