उधर अपना कौन है?

आमच्या अम्मीला घराबाहेर पडायला चारच कारणं होती: लग्न, मयत, दवाखाना आणि खुलताबाद. लग्नात दिवसभर लेकरं सांभाळायची आणि कोणी काय आहेर केला ते लक्षात ठेवायचं, त्यामुळे तिथंही जीवाला आराम नसायचा. खरी सुट्टी खुलताबादची. नवस फेडायचा म्हणून, नाही तर जरजरी जरबक्ष यांचा उरूस आहे म्हणून, वर्षातून एकदोनदा आम्ही सगळ्या बायका-पोरी एका जीपमध्ये कोंबून औरंगाबादहून निघायचो. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण लहानपणच्या गोष्टी सांगताना तोंडात जुनंच येतं.)

दर्ग्यात फातेहा दहा मिनिटांत उरकायची. उरलेला दिवस पाळणे, बांगड्यांची दुकानं आणि झाडाखाली सोडलेले डबे. अम्मी चप्पल काढून पाय पसरून बसायची. घरात तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खाला तर इतक्या मोठ्यानं हसायच्या की आजूबाजूचे लोक बघायचे, आणि तरी त्यांना कोणी गप्प करायचं नाही.

मग ते बंद झालं. माझा मोठा भाऊ कुठंतरी बयान ऐकून आला आणि मजारीवर जाणं शिर्क आहे म्हणू लागला. त्याच सुमारास मी कॉलेजात होते, पुरोगामी मंडळींच्या कार्यक्रमांना जायचे. तिथं उरूस-नवसांना अंधश्रद्धा म्हणत आणि मी टाळ्या वाजवत असे. भाऊ आणि मी एकमेकांशी कशातच सहमत नव्हतो, फक्त एवढ्यात होतो. आम्ही दोघं अकिद्यावर बोलत राहिलो. अम्मीची जीप गेली, तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही. मीही नाही. भावाला हॉटेलातला चहा होता, रात्रीचा कट्टा होता, मैदानावरचं क्रिकेट होतं. मला कॉलेज होतं. अम्मीच्या चार कारणांतलं एक कमी झालं आणि त्या जागी आम्ही दुसरं काही दिलं नाही.

बाईला करमणूक कशाला हवी, हा प्रश्न आपल्याकडं जुना आहे. १९८२ साली जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमा थिएटरात जायचं नाही अशी बंदी घातली गेली होती. रझिया पटेल त्याविरुद्ध उभ्या राहिल्या, ते आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्या ‘चाहूल’मध्ये वाचलं असेल. आज तशी बंदी कोणी जाहीर करत नाही. गरजच पडत नाही. ‘काय काम आहे तिकडं?’ एवढं विचारलं की बाई चप्पल परत काढून ठेवते.

तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की अम्मीला महिन्यातून एका रविवारी बाहेर न्यायचं, कामाशिवाय. पहिल्यांदा दौलताबाद म्हणाले तर तिचा प्रश्न आला, “कायकू? उधर अपना कौन है?”

कोणी नाही, म्हटलं. म्हणूनच जायचं.

जवळच सुरुवात करायची असेल तर हिमायतबाग चांगली. आता तिथं कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, सकाळी झाडांखाली गारवा असतो. पाणचक्कीवर शाळेच्या सहली आल्या की कालवा होतो, पण डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आणलेलं पाणी हौदात कोसळताना बघत बसायला पैसे फार पडत नाहीत. ते पाणी जातं फिरवायचं आणि त्या पिठावर बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहातल्या लोकांची भाकरी व्हायची. अम्मीला ही गोष्ट फार आवडली. चक्की बघून म्हणाली, “बिजली का बिल नक्को.” वेरूळला जाणार असाल तर मंगळवार सोडून जा, लेणी बंद असतात. बिबी का मकबरा मात्र मी पाहुण्यांसाठी राखून ठेवलाय. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत मला तिथं बसवत नाही.

आमचं लाडकं ठिकाण दौलताबाद. गुडघ्यांमुळे अम्मी वर चढत नाही, पण खालीच इतकं काही आहे की चढायची गरज नाही. चांदमिनारच्या सावलीत सतरंजी टाकायची. जरा दम असेल तर चिनी महालापर्यंत जायचं. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर पकडून पुढं इथं ठेवलं, तो मरेपर्यंत कैदेतच होता, असं मी तिला सांगितलं. तिनं थोडा वेळ त्या भिंतीवरच्या उरल्यासुरल्या निळ्या फरशांकडं पाहिलं. “बाहर निकलेच नहीं?” नाही, म्हटलं. “खाना तो अच्छा देते होंगे,” ती म्हणाली, आणि सीताफळं घ्यायला चला म्हणून मागं फिरली. पावसाळा सरता सरता त्या रस्त्याला टोपल्या लागतात. भाव करण्यात अम्मीचा हात कोणी धरणार नाही.

अडचणी आहेतच. एका ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप, त्यामुळं तिथं जायचं म्हटलं की अम्मी सकाळपासून पाणी पीत नाही. ते ठिकाण आम्ही सोडून दिलं. आणि बुरख्यातल्या चार-पाच बायका गवतावर बसलेल्या दिसल्या की लोक वळून बघतात, अलीकडं जरा जास्तच. पहिल्या वर्षी मी त्यामुळं दोन रविवार रद्दही केले. आता करत नाही.

गेल्या श्रावणात म्हैसमाळला गेलो होतो. धुकं एवढं की समोरची दरी दिसेना. अम्मी, माझी भाभी, दोन भाच्या आणि मी भाजलेली कणसं खात बसलो होतो. माझ्या वयाची एक बाई आमच्याकडं बराच वेळ बघत होती. शेवटी जवळ आली. माझ्या पोटात थोडं धस्स झालं.

“इथं जवळपास दर्गा आहे का हो?” तिनं विचारलं.

“नाही. आम्ही पाऊस बघायला आलोय.”

ती हसली. “बरं केलंत. मी सासूबाईंना गिरिजादेवीचं दर्शन सांगून आलेय.”

देवळात जाऊन आलात का, असं भाभीनं विचारलं. “जाईन की,” ती म्हणाली आणि आमच्या सतरंजीच्या कोपऱ्यावर बसली. अम्मीनं आपल्यातलं अर्धं कणीस मोडून तिला दिलं आणि विचारलं, “सास कैसी है?” मग पुढचा तासभर त्यावरच गेला.