दुसऱ्या अल्बमचा गुन्हा काय?

मित्रांनो, आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हे मराठीतच लिहायचं होतं, कारण ह्यावरचं भांडण आमच्या विंगमध्ये मराठीतच झालं!

भांडण न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढलेल्या नॅस ह्या रॅपरवरून. १९९४ मध्ये त्याचा पहिला अल्बम 'इलमॅटिक' आला, तेव्हा तो २० वर्षांचा होता. म्हणजे माझ्याच वयाचा. 'द सोर्स' ह्या हिप-हॉप मासिकाने अल्बमला पाचपैकी पाच माईक दिले. विक्री मात्र सुरुवातीला बेताचीच.

मग १९९६ मध्ये 'इट वॉज रिटन' आला आणि थेट बिलबोर्डच्या यादीत १ नंबरवर गेला. पण समीक्षकांची तोंडं वाकडी! बहुतेक गाण्यांना ट्रॅकमास्टर्स ह्या जोडीचं गुळगुळीत संगीत, माफियाच्या गोष्टी, रेडिओवर चालेल असा मसाला. थोडक्यात, पोरगा बाजारात बसला.

मीही हेच ठोकून सांगायचो. रूममेटने एकदा विचारलं, "अरे, पण तू ऐकलायस का?" खरं तर नव्हता ऐकला. फक्त परीक्षणं वाचली होती!

शेवटी सबमिशनच्या रात्री ऐकला. त्यातल्या 'आय गेव्ह यू पॉवर' ह्या गाण्यात चक्क बंदूक बोलते. माणसं आपल्याला कशी वापरतात ते ती स्वतः सांगते. आणि ह्या गाण्याचं संगीत डीजे प्रीमियरचं, जो 'इलमॅटिक'मध्येही होता. मग सगळंच विकलं गेलं असं कसं म्हणायचं?

समीक्षक अगदीच खोटं बोलत होते असं नाही. पहिल्या अल्बमचा घट्टपणा दुसऱ्यात नाही, हे मलाही जाणवलं. माझा आक्षेप आहे तो त्यांच्या मोजपट्टीवर. पहिल्या अल्बममागे अख्खं बालपण असतं, दुसऱ्यामागे जेमतेम दोन वर्षं. त्याने पुन्हा तेच केलं असतं तर हेच लोक म्हणाले असते, "नवीन काय?" आज अनेक चाहते 'इट वॉज रिटन'ला त्याच्या उत्तम अल्बममध्ये धरतात. म्हणजे अल्बम तोच, कान बदलले.

आता न्यूयॉर्क सोडा, आपल्या गॅदरिंगचं बोलू. आमच्या विंगमधल्या एकाने फर्स्ट इयरला विनोदी एकांकिका केली. हॉल डोक्यावर घेतला होता सगळ्यांनी. पुढच्या वर्षी त्याने गंभीर विषय घेतला, तर मागून पब्लिक जुने डायलॉग ओरडायला लागलं. ओरडणाऱ्यांत मी पण होतो. नाटक काय होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

ह्या वर्षी त्याने नावच दिलेलं नाही. नॅस पुढे गात राहिला, २०२१ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं. पण प्रत्येक जण इतका चिवट नसतो ना!

नावं द्यायला अजून आठवडा आहे. मी त्याच्या रूमवर जाणार आहे. तुमच्यापैकी जे त्या दिवशी ओरडले होते, त्यांनीही यावं.