दोर बांधायचा वेळही कामात धरा



माझे वडील झाडे सवळतात. म्हणजे घरावर, गोठ्यावर, विहिरीवर वाकलेल्या फांद्या झाडावर चढून छाटतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या भागात मार्च ते मे या तीन महिन्यांत त्यांना सारखे बोलावणे असते, कारण वळवाच्या वाऱ्यात फांदी कौलांवर पडेल ही सगळ्यांना भीती. लोक त्यांना लाकूडतोड्या म्हणतात. ते नाव मला आवडत नाही, पण आज माझे भांडण नावाबद्दल नाही. ते वेळेबद्दल आहे.

आप्पा सकाळी लवकर निघतात, कारण दुपारनंतर वारा उठतो. झाडापाशी गेल्यावर ते लगेच चढत नाहीत. आधी झाडाला फेरा मारतात. वर आग्यामोहोळ आहे काय, बुंध्याला अळंबी उगवली आहे काय, हे बघतात. कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोड ठोकतात. भरीव खोड ठणठणीत वाजते, पोकळ खोड ढबढब वाजते. चिंचेची फांदी चिवट, ती माणसाला पेलते. जांभूळ आणि शेवगा दगा देतात. हिरवीगार फांदीसुद्धा कडकन मोडते. विजेची तार जवळ असली, तर वायरमन वीज बंद करेपर्यंत आप्पा झाडाला हात लावत नाहीत. ओल्या फांदीतून वीज अंगात उतरते.

त्यांचे सामान थोडके आहे. कमरेला लाकडी आकडा, त्यात कोयता. एक हातकरवत, तिला दोरी, म्हणजे हातातून सुटली तरी खालच्या माणसाच्या डोक्यात पडत नाही. एक कुऱ्हाड, एक कानस आणि दोन दोर. एक दोर माणसाचा आणि एक फांदीचा. त्यांची अदलाबदल करायची नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. माणसाचा दोर ओला राहू देत नाहीत, उन्हातही टाकत नाहीत. रोज रात्री आप्पा तो हातभर हातभर पुढे सरकवत बोटांनी चाचपतात.

जड फांदी तोडायची तर तिला वरच्या मजबूत फांदीवरून दोर बांधतात. दोराचे दुसरे टोक खाली बुंध्याला दोन वेढे घालून माझ्या आईच्या हातात असते. वेढ्यांमुळे भार बुंध्यावर पडतो आणि आई फांदी हळूहळू खाली सोडते. मोठ्या फांदीला तीन काप घ्यावे लागतात. पहिला खालून, खोडापासून हातभर अंतरावर. दुसरा वरून, थोडा पुढे; तेव्हा फांदी पडते. मग उरलेले खुंट बुडाशी कापायचे. एकाच कापात तोडले, तर फांदी पडताना खोडाची सालसुद्धा सोलून नेते.

फांदीच्या बुडाशी फुगीर वळी असते. तिला आप्पा धक्का लावत नाहीत. याबद्दल गुरुजींनी एक माहिती सांगितली. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो (१९३० ते २००६) नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडे चिरून पाहिली आणि दाखवले, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून भिंत घालावी तसे बंद करते आणि वरून नवे लाकूड चढवते. वळी शाबूत असेल तर हे काम नीट होते. वर नुसते डांबर फासून उपयोग नाही. हे घरी सांगितले तेव्हा आप्पा हसून म्हणाले, "बघ, अमेरिकेलाबी कळलं म्हणायचं!"

आता मुद्द्याचे सांगतो. हे फेरा मारणे, दोर टाकणे, गाठी बघणे यात अर्धा-पाऊण तास जातो. फांदी कापायला कधीकधी दहाच मिनिटे लागतात. बघणाऱ्याला ती दहा मिनिटेच दिसतात आणि मजुरी तेवढ्याचीच ठरते. गेल्या वर्षी मे महिन्यात एका बागायतदाराकडे आंब्याची फांदी काढायची होती. ते म्हणाले, "एका खांदीला दोर काय बांधत बसलाईस? चढ की! ढग आल्यात." आप्पा तसेच चढले. वाळकी फांदी पायाखाली मोडली आणि ते दोन पुरुष उंचीवरून पडले. उजवा हात मोडला. ऐन हंगाम प्लास्टरमध्ये गेला. मजुरी अर्धी मिळाली, कारण फांदी अर्धीच कापून झाली होती.

काही जण म्हणतात, चढणाऱ्यानेच काळजी घ्यावी. खरे आहे. आप्पांचीही चूक झाली, ते स्वतःच सांगतात. पण ज्याला उद्याचे काम पाहिजे, त्याला "नाही" म्हणणे जड जाते. काही जण म्हणतात, आता पेट्रोलवरचे कटर आले आहे, काम झटपट होते. कटरला दोन्ही हात लागतात. मग वरच्या माणसाला कोण धरणार? दोरच ना?

दुसरीकडे याचा विचार झालेला आहे. केंद्र सरकारच्या नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण दिले. चढायचे यंत्र दिले आणि विम्याची सोय केली. त्यांना नाव दिले 'नारळाच्या झाडाचे मित्र'. आंबा, चिंच, जांभळीवर चढणाऱ्यांनाही असे शिक्षण, विमा, अंगभर पट्टा आणि डोक्याला हेल्मेट मिळाले पाहिजे, असे माझे मत आहे. झाडासाठी तर १९६४ पासून कायदा आहे; आंबा, फणस, चिंच, जांभूळ मुळासकट तोडायचे तर परवानगी लागते. झाडाची एवढी काळजी घेतो, तर झाडावरच्या माणसाची का नको?

शेतकऱ्याकडेही पैसे मोजकेच असतात, हे मला समजते. म्हणून माझे मागणे लहान आहे. पालकहो, झाड सवळायला माणूस बोलावाल, तेव्हा दोर बांधायचा वेळ मजुरीत धरा. आणि तो दोर बांधत असताना "चढ की" म्हणू नका.

आप्पांचा हात आता बरा आहे. यंदा ते पुन्हा कामाला जातात. चढायच्या आधी आई म्हणते, "आवं, थांबा. गाठ बघू द्या." आणि गाठ बघून होईपर्यंत आप्पा खालीच उभे राहतात.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी